धुक्याच्या पिक्चरबद्दल हौशीरामचं मत

डिंगोऱ्याच्या हौशीरामनं बावीस वर्षं तंबू टॉकीजच्या दारावर नोकरी केली, पण धड एक पिक्चर पाहिला नाही. हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. दारावरच्या माणसाचं कामच तसं असतं. तंबूला भिंती नसतात, कनाती असतात, आणि कनातीखालून सरपटत आत शिरण्यात पोरंच काय, मिशीवाले बापयेसुद्धा पटाईत. पडदा उजळला की हौशीरामनं त्याच्याकडे पाठ करायची आणि कनातीच्या खालच्या काठावर डोळा ठेवायचा. पिक्चर त्याला कानांनीच कळायचा. त्यातही पडद्यापेक्षा जास्त त्याला शेंगा सांगायच्या. लोक शेंगा फोडत असले की पिक्चर रेंगाळलाय, आणि शेंगा थांबल्या की काहीतरी घडतंय.

तंबू जानकूशेठचा. माघापासून वैशाखापर्यंत जिकडे यात्रा, तिकडे तंबू. आंबेगाव तालुक्यातली गावं झाली की जुन्नर तालुक्यातली. पिक्चरच्या रिळांची पेटी पुण्याहून यायची. ती एक रात्र ठेवायची की चार, हे जानकूशेठ ठरवायचा ते हौशीरामच्या सांगण्यावरून. कारण खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीराम गावात फिरून लोकांचं मत आणायचा.

त्याची त्यातली रीत बघण्यासारखी होती. "पिक्चर कसा होता?" असं तो कधीच विचारायचा नाही. तसं विचारलं की माणूस म्हणतो, "बरा व्हता," आणि त्यातून काही हाती लागत नाही. तो बापयाला विचारायचा, "मधी उठून भाईर कवा गेलता?" बाईला विचारायचा, "घरी सासूला काय सांगितलं?" जी बाई शेवट आधी सांगून टाकते तिला पिक्चर आवडलेला नसतो. जी म्हणते, "शेवट न्हाई सांगत, तुमीच बघा," तिच्या शब्दावर पेटी आणखी दोन रात्री ठेवायला हरकत नाही. गिरणीत, न्हाव्याच्या दुकानात, डेअरीच्या रांगेत फिरून तो जे ऐकायचा ते जसंच्या तसं शेठच्या कानावर घालायचा. पदरचं काही मिसळायचा नाही.

"आन् तुला काय वाटतं रं?" असं शेठनं कधी विचारलंच तर म्हणायचा, "मला काय कळतंय शेठ."

घरीही तीच तऱ्हा. बायको साळुबाई वैतागून म्हणायची, "कालवणात मीठ बराबर हाय का, येवढं तरी सांगा." त्यावर हा म्हणे, "तू चाखून बघ की."

अशा या माणसावर दोन हजार एक सालच्या चैत्रात मत द्यायची वेळ आली.

त्या वर्षी ऊस तुटून गेले आणि उसातले बिबटे उघडे पडले. डिंगोऱ्याच्या शिवारात फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला होता, आत बोकड बांधला होता, आणि बिबट्या पिंजऱ्याला वळसा घालून लोकांचीच करडं नेत होता. मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या एका पोरीला त्यानं अंगणातून ओढलं. हाळी ऐकून दोन वस्त्यांची माणसं धावली म्हणून ती वाचली. त्या भागात रीतच तशी पडली होती. ज्या वस्तीला चाहूल लागेल तिनं हाळी द्यायची, डबा बडवायचा, आणि ज्यांच्या कानावर जाईल त्यांनी काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावत सुटायचं. कुणी लिहून काढलं नव्हतं, पण कुणी मोडलंही नव्हतं.

तंबू तेव्हा डिंगोऱ्यापासून एक गाव अलीकडे होता. पुण्याहून जी पेटी आली त्यात हिंदीत बोलता केलेला इंग्रजी पिक्चर निघाला. डोंगराखालचं एक लहानसं गाव, तिथं लाकडाची वखार, बारा महिने धुकं, आणि त्या धुक्यात कसलंतरी जनावर. नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे त्याला धुक्याचा पिक्चर म्हणू लागले.

पहिल्याच रात्री हौशीराम बुचकळ्यात पडला. भीतीच्या पिक्चरला किंकाळ्या असतात, वाजंत्री असते, दारं करकरतात. हा पिक्चर ऐन वेळेला गप्पच व्हायचा. पाठीमागं पडद्यावर काही आवाज नाही आणि तंबूत एक शेंग फुटत नाही. चारशे माणसं बसलेली आणि जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येते. हौशीरामच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि कशानं राहिले ते काही कळेना.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर गावात गेला. न्हाव्याच्या दुकानात निम्मी दाढी झालेला एक जण तावातावानं सांगत होता, "वाघच व्हता त्यो. मागच्या दोन पायांव उभा ऱ्हायल्याला वाघ."

"वाघ कुठला, अस्वल!" बाकावरचा म्हणाला. "केस न्हाई बघितलं?"

"केस तुला दिसलं? मला तर निस्तं धुकं दिसलं. तिकिटाचं पैसं धुक्यालाच गेलं."

"तू शेवटाला डोळं झाकलं व्हतंस, राव. माझ्या मांडीला धरून बसला व्हता गडी!"

न्हाव्यानं वस्तरा वर धरला. "हसू नका, कान जाईल."

शाळेचे गुरुजी म्हणाले, दिग्दर्शकाला जनावर नीट बनवता आलं नसणार, म्हणून धुक्यात लपवलं. डेअरीवर एक जण म्हणाला, जनावर नव्हतंच, वखारीच्या मालकाचं काम होतं ते. गिरणीत चिमाबाई भेटली. चिमाबाई बौद्धवस्तीतली, साठीची, अंगानं काटक. तिची दोन करडं त्या हिवाळ्यात बिबट्यानं नेली होती.

हौशीरामनं विचारलं, "आत्या, सुनंला काय सांगितलं घरी?"

"सांगितलं, आज तू जा बघायला. मी बी येती पुन्यांदा." दळणावरची चाळण हलवत ती म्हणाली, "ज्यानं क्येला त्याला जनावर ठावं हाय बग. जनावर कंदी दिसत न्हाई, भाऊ. आपल्याला काय दिसतं? खुट्ट्याला दावं दिसतं, करडू नसतं."

"पर शेवटाला दिसतंय म्हनं."

"दिसतं की. डोळा लवतो येवढा येळ."

"कसं हाय?"

चिमाबाईनं चाळण खाली ठेवली. पीठ झटकून म्हणाली, "त्ये तुमीच बघा."

हौशीरामनं हे सगळं शेठला सांगितलं. शेठ खूश झाला. पेटी राहिली, आणि लगेच डिंगोऱ्याच्या यात्रेसाठीही ठरली. हौशीरामला मात्र चैन पडेना. बावीस वर्षांत कुठल्या पिक्चरनं त्याला असं कोड्यात टाकलं नव्हतं. दहा माणसांनी दहा जनावरं सांगितली होती आणि त्यातलं एकही दुसऱ्याला लागू पडत नव्हतं.

दोन दिवसांनी डिंगोऱ्याहून निरोप आला, कुशाबानं बोलावलंय. कुशाबा म्हणजे यात्रा कमिटीचा प्रमुख. हौशीराम गेला तर देवळाच्या ओट्यावर पाच-सात जण बसलेले.

"हे बघ हौशीराम," कुशाबा म्हणाला, "त्यो धुक्याचा पिक्चर आपल्या गावात आणायचा का नको, याव वाद पडलाय. हे म्हनत्यात, आदीच बाया गवताला जाईनात, त्यात आनखी भ्या कशाला? ते म्हनत्यात, यात्रा हाय, माणसाला करमणूक नको का? तू गावचा माणूस. तुझं मत सांग, तसं करू."

हौशीराम सुरू झाला. "न्हावी म्हनला का..."

"न्हाव्याचं ऱ्हाऊ दे."

"गुरुजी म्हनलं..."

"गुरुजी बी ऱ्हाऊ दे. तुला कसा वाटला?"

हौशीरामनं पागोट्याचा शेव चाचपला. "मी पाह्यला न्हाई," तो म्हणाला.

ओट्यावर हशा पिकला. "बावीस वर्सं तंबूत आन् पिक्चर पाह्यला न्हाई! विहिरीव ऱ्हाऊन तान्हेला रं तू!"

कुशाबा हसला नाही. "आज रातीला बघ. उद्या येऊन सांग. तू म्हनशील हो तर हो, न्हाई तर न्हाई."

शेठला हे कळल्यावर त्यानं हौशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं पूर्वी कधी ठेवला नव्हता. "हौश्या, घरोघर केबल आलीय. औंदा तीन यात्रा वाया गेल्या. डिंगोरं हातचं गेलं तर मी तंबू लग्नाच्या मांडववाल्याला देऊन टाकीन, खोटं न्हाई सांगत. तुला काई अवघड न्हाई. बघ, आन् हो म्हन."

त्या संध्याकाळी दारावर दुसरा माणूस उभा राहिला आणि हौशीराम आत गेला. कुठं बसायचं तेही त्याला उमगेना. बाया आणि बापये यांच्यामध्ये दोरी बांधलेली असते, तिच्याकडेला जागा होती. दोरीपलीकडे चिमाबाई होती, तिसऱ्यांदा आलेली.

"बसा भाऊ. आन् हिकडं तिकडं बघू नका, म्होरं बघा," ती म्हणाली.

तो पुढं बघू लागला. पडदा एवढा मोठा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. धुक्यातलं ते गाव, ओले रस्ते, वखारीत रचलेली लाकडं, खिडक्यांतले पिवळे दिवे. जनावर दिसत नव्हतं. एका दारावर ओरखडे दिसले. एका घरात ताट वाढलेलं होतं आणि जेवणारा नव्हता. हौशीराम सवयीनं मान वळवून लोकांकडे पाहायचा आणि चिमाबाई दोरीवरून त्याला कोपरानं ढोसायची.

नवलाची गोष्ट अशी, की भीतीपेक्षा त्याला कुतूहलच जास्त वाटत होतं. हे लोक काय खातात, दारं लावून काय करतात, शेजारी गायब झाला तर विचारायला का जात नाहीत? एका घरात बाई ओरडली तर पलीकडच्या घरातला दिवा विझला. हौशीराम पुटपुटला, "आरं, दिवा इझवला यानं!"

"आमी बी कालच्याला ह्येच म्हनलो," चिमाबाई म्हणाली.

मग ती जागा आली. एक तरुण बाई घराबाहेर येते. परसात तिचं खोपट आहे, त्याचं दार वाऱ्यानं आपटतंय. ती ते लावायला चालली आहे. तिचं कुत्रं आतापर्यंत भुंकत होतं. बाई खोपटाजवळ पोचते आणि कुत्रं गप्प होतं.

त्या शिवारातल्या शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो. भुंकणारं कुत्रं एकाएकी गप्प झालं, तर जनावर जवळ आलेलं असतं. बाई पाठमोरी होती. तिला कळलं नव्हतं. हौशीरामला कळलं होतं.

तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच समजलं नाही. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यानं बेंबीच्या देठापासून हाळी दिली, "हाऽऽऽ! आलाऽऽ रंऽऽ आलाऽऽऽ! मागं फिर बाईऽऽऽ!"

आणि सगळा तंबू उठला. बापये हाळी देऊ लागले, बायांनी पाण्याच्या कळश्या बडवायला घेतल्या, शेंगांचा डबा घेऊन बसलेल्या विकणाऱ्यानं डबा बडवला. ऑपरेटरला वाटलं बिबट्या खरोखरच तंबूत शिरला. त्यानं घाबरून मशीन बंद केलं. पडदा काळा झाला तसा गलबला आणखी वाढला.

हे झालं ते हसण्यावारी गेलं असतं. पण कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरून उलटी हाळी आली. मग तिच्याही पलीकडच्या मळ्यातून. आणि पाच-दहा मिनिटांत काठ्या, कुऱ्हाडी, बॅटऱ्या घेतलेली वीस-पंचवीस माणसं धापा टाकत तंबूवर येऊन धडकली. सगळ्यांत पुढं कॅनॉलपलीकडच्या, डिंगोऱ्याच्या हद्दीतल्या वस्तीवरचा गेणू होता, पायात वहाण नाही, पोटरीला काटेरी तारेनं रक्त आलेलं.

"कुठाय? कुठं हाय त्यो?"

कुणीतरी पडद्याकडे बोट दाखवलं. "पडद्याव."

मग हसण्याचा एकच लोट उठला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते. गेणूही थोडा हसला. मग हसायचा थांबला आणि हौशीरामजवळ आला.

"भाऊ, हाळी तुमची व्हती ना?"

"माझीच."

"आमची आय आंधळी हाय. तिला वट्याव येकलीला टाकून आलोय मी." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "न्हाई, चूक न्हाई म्हनत तुमची. पर आता उंद्याच्याला तंबूतनं हाळी आली, तर मी पळू का नको पळू, येवढं सांगा."

गेणू माघारी फिरला आणि पळतच गेला.

मशीन पुन्हा सुरू झालं. हौशीरामनं शेवटपर्यंत पाहिलं. शेवटी जनावर दिसलं, चिमाबाई म्हणाली होती तेवढाच वेळ.

जानकूशेठ सकाळी चहाचा ग्लास घेऊन नाचायचाच बाकी होता. "काय जाहिरात झाली रं! सगळा तंबू उठून उभा! आता कर्ण्यावर हेच सांगायचं, 'ज्या पिक्चरला गावानं हाळी दिली त्यो पिक्चर!' डिंगोऱ्यात जागा पुरायची न्हाई. जा, कुशाबाला सांगून ये."

हौशीराम डिंगोऱ्याला चालतच निघाला. एसटी गेली, तिला हात केला नाही. वाटेत घर लागलं. साळुबाई गोठा झाडत होती. घराच्या पाठीमागं उसाचा एक राहिलेला पट्टा उभा होता, हिरवा गच्च. तिनं विचारलं, "काय झालं?"

"शेट म्हनतो हो म्हन. न्हाई म्हनलं तर तंबू जाईल. कुशाबा म्हनतो तुझं सांग. आन् गेणूनं येक विचारलंय त्याचं उत्तर न्हाई माझ्यापाशी."

साळुबाईनं सगळं ऐकून घेतलं. एरवी तिनं काहीतरी सुचवलं असतं. या वेळी ती म्हणाली, "मी पिक्चर पाह्यला न्हाई. तुमी पाह्यलाय."

ओट्यावर पुन्हा तीच माणसं होती. रात्रीची हकिगत त्यांच्यापर्यंत पोचलेली होती, त्यामुळं आधी थोडी चेष्टा झाली. "या, पडद्यावरच्या बाईचं राखणदार या!" कुशाबानं त्यांना हातानं गप्प केलं.

"मंग? कसा हाय पिक्चर?"

हौशीराम थांबत थांबत बोलला. एवढं सलग तो आयुष्यात कधी बोलला नसेल. "पिक्चर चांगला हाय. लई चांगला हाय. लोक जनावराचं बोलत्यात, मला जनावराचं काय वाटलं न्हाई. मला त्या गावाचं नवल वाटलं. तिथं येक बी माणूस हाळी देत न्हाई. बाई मरती तरी शेजारी दार उघडत न्हाई. बघवत न्हाई आपल्याला. म्हनून मी वरडलो. तुमी असता तर तुमी बी वरडला असता. डिंगोऱ्यात लावला तर सगळं डिंगोरं वरडंल, रोज रातीला."

"मंग काय झालं? वरडू दे की," एक जण म्हणाला.

"तिसऱ्या राती वस्तीवरचं लोक म्हनतील, पिक्चर चाललाय. आन् त्या राती खरीच हाळी असंल तर?" तो खाली बघू लागला. "आपल्याकडं दुसरं काय हाय? बंदूक न्हाई. पिंजऱ्यात त्यो जात न्हाई. हाळी तेवढी हाय. ती पिक्चरमधी खर्चू नये. राहिल्याला ऊस उभा हाय तवर हा पिक्चर आपल्या गावात नको. तंबू येऊ द्या, पिक्चर दुसरा लावू द्या. ह्ये माझं मत."

कुशाबानं बाकीच्यांकडे पाहिलं आणि मांडीवर हात आपटला. "ठरलं तर."

जानकूशेठ दोन दिवस हौशीरामशी बोलला नाही. पेटी परत गेली आणि बदल्यात एक जुना कौटुंबिक पिक्चर आला, इतका झिजलेला की पडद्यावर सतत पाऊस पडतोय असं वाटे. यात्रेच्या तीन रात्री तंबू निम्मा-अधिक भरला. लोकांनी मन लावून शेंगा फोडल्या. शेठनं तंबू त्या वर्षी विकला नाही. विकला पुढं दोन वर्षांनी, पण ते केबलमुळं.

आणि धुक्याचा पिक्चर? तो आळेफाट्याजवळ एका दुसऱ्या तंबूत लागला. ही बातमी यात्रा संपायच्या आतच डिंगोऱ्यात आली. ज्या गावानं पिक्चर नाकारला त्या गावातल्या लोकांना तो पाहिल्याशिवाय राहवेना. पाळ्या लावल्या गेल्या. निम्म्यांनी वस्ती राखायची आणि निम्म्यांनी टेम्पोतून जायचं, दुसऱ्या दिवशी उलट. पहिल्या टेम्पोत पुढच्या सीटवर कुशाबाच होता. दुसऱ्या टेम्पोत गेणू गेला, आईला साळुबाईपाशी ठेवून.

पिक्चर पाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा स्वतःहून हौशीरामच्या अंगणात येऊन बसला. चहा यायच्या आधीच म्हणाला, "शेवटाला दिसलं त्ये अस्वल व्हतं."

एरवी हौशीरामनं ते निमूट ऐकून घेतलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला. "अस्वलाचा पाय तसा पडत न्हाई. तुमी पायाकडं बघितलं न्हाई, तोंडाकडं बघितलं."

"आरं, मी म्होरं बसलो व्हतो!"

"म्होरं बसून काय व्हतं? डोळं उघडं पायजेत."

साळुबाई चहा घेऊन आली तेव्हा दोघंही अंगणाच्या धुळीत काडीनं त्या जनावराचा पाय काढत बसले होते. कुशाबाचा पाय रुंद होता, हौशीरामचा लांबट. दोघं एकमेकांचा पाय पुसून पुन्हा आपला काढत होते.